पेप्सिन झोपते, मरते की अडकते? जठरातील आम्ल-प्रोटीएज आणि त्यांना थांबवण्याचे रसायन

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक संशोधक विद्यार्थी पीएच २ ला पेप्सिनने, म्हणजे जठरातल्या प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमने, एक प्रथिन पचवतो आहे. तीस मिनिटांनी क्रिया थांबवण्यासाठी त्याने पीएमएसएफ आणि ईडीटीए ही प्रथिने कापणारी एन्झाइमे थांबवण्याची नेहमीची रसायने घातली आणि नळ्या बर्फात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मूळ प्रथिनाचा पट्टा जवळजवळ नाहीसा झालेला होता. पुढच्या वेळी त्याने पीएच ८ चे ट्रिस बफर घालून द्रावण उदासीन केले. पीएच ६ च्या आसपास आला आणि जेल चांगले दिसले. पण तेच नमुने मास स्पेक्ट्रोमेट्रीला (तुकड्यांचे वस्तुमान मोजायला) पाठवल्यावर अपेक्षेपेक्षा बरेच लहान तुकडे निघाले. त्याला दोन गोष्टी हव्या आहेत: पेप्सिन नेमके कसे कापते, आणि रसायनाने ते खात्रीने कसे थांबवायचे. वैद्यकीय बाजूचाही त्याने ओझरता उल्लेख केला आहे.

मी गेली बावीस वर्षे प्रोटीएजवर, म्हणजे प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमांवर, काम करतो, आणि हे दोन्ही अपघात इतक्या प्रयोगवह्यांत पाहिले आहेत की उत्तर त्यालाच उद्देशून, जरा सविस्तर देतो. दोन्ही अपघातांचे मूळ एकच आहे. पेप्सिन हे ट्रिप्सिनसारखेच, फक्त आम्लात चालणारे, असे आपण मनात धरून चालतो. ते तसे नाही.

ट्रिप्सिन किंवा कायमोट्रिप्सिन या आतड्यातल्या प्रोटीएजमध्ये पेप्टाइड बंधावर (अमिनो आम्लांना जोडणाऱ्या बंधावर) हल्ला करतो तो एन्झाइमच्या स्वतःच्या अंगाचा भाग, म्हणजे सेरीनचा ऑक्सिजन. कापले जाणारे प्रथिन काही क्षण त्या सेरीनला सहसंयुजी बंधाने चिकटलेले असते. पपईतल्या पपेनमध्ये हेच काम सिस्टीनचे गंधक करते. म्हणून अशा एन्झाइमांना पकडणे सोपे. त्या सेरीनला चिकटेल असा रेणू द्या, म्हणजे हत्यारच बोथट होते. पीएमएसएफ हेच करते. ई-६४ हे सिस्टीनच्या बाबतीत करते. ईडीटीए धातूवर चालणाऱ्या प्रोटीएजचा जस्त किंवा कॅल्शियम काढून घेते.

पेप्सिनकडे यातले काहीच नाही. त्याच्या खाचेत, म्हणजे कापण्याची क्रिया होते त्या जागेत, हल्ला करणारा आहे पाण्याचा एक रेणू. तो दोन ॲस्पार्टिक आम्लांच्या मध्ये धरलेला असतो. डुकराच्या पेप्सिनच्या क्रमांकनानुसार ही दोन ॲस्पार्टेट ३२ आणि २१५ या जागांवर आहेत. एकाचा पीकेए (ज्या पीएचला गटाचा प्रोटॉन निम्म्या रेणूंतून सुटलेला असतो तो आकडा) सुमारे १.५, दुसऱ्याचा सुमारे ४.७. रासायनिकदृष्ट्या दोन्ही गट एकच, पण इतके शेजारी बसवलेले की एक आपला प्रोटॉन फार सहज सोडतो आणि दुसरा तो धरून ठेवतो. त्यामुळे पीएच २ ते ४ च्या पट्ट्यात जोडीतला एक गट ऋणभारित आणि दुसरा प्रोटॉनसह, अशी अर्धी-अर्धी स्थिती टिकते. ३२ वरचा ऋणभारित गट पाण्याचा प्रोटॉन ओढतो, आणि पाणी पेप्टाइड बंधाच्या कार्बनवर चाल करते. २१५ वरचा गट आपला प्रोटॉन त्या बंधाच्या ऑक्सिजनकडे देतो. सपाट असलेला कार्बन चौफलकी होतो, त्यावर दोन हायड्रॉक्सिल येतात. मग नायट्रोजनला प्रोटॉन मिळतो आणि बंध तुटतो. या सगळ्या व्यवहारात प्रथिन एन्झाइमला एकदाही सहसंयुजी बंधाने जोडले जात नाही.

आता पीएमएसएफकडे पुन्हा पाहा. पेप्सिनच्या नळीत त्याला पकडायला क्रियाशील सेरीनच नाही. ईडीटीएला काढायला धातू नाही. तुमच्या नळीत त्या दोघांनी काहीच केले नाही.

बर्फानेही थांबवले नाही, हे मुद्दाम सांगतो. हायड्रोजन-ड्युटेरियम अदलाबदल मोजणाऱ्या प्रयोगांत संशोधक पेप्सिन मुद्दाम पीएच २.५ आणि शून्य अंशाजवळ वापरतात, कारण तिथेही ते काही मिनिटांत प्रथिनाचे तुकडे करते. म्हणून बर्फातल्या आम्लात रात्रभर ठेवलेला पेप्सिनचा नमुना हा रात्रभर पचलेला नमुना समजावा.

एवढ्या आम्लात बहुतेक प्रथिनांची घडी मोडते, मग पेप्सिन कसे टिकते? त्याची रचना पाहिली की उलगडा होतो. साखळी ३२६ अमिनो आम्लांची, रेणुभार सुमारे ३४,६००. त्यात लायसिन फक्त एक, हिस्टिडीन एक, आर्जिनीन दोन. उलट आम्लधर्मी अमिनो आम्ले चाळीसच्या वर. आम्लात या कार्बॉक्सिल गटांपैकी बहुतेक प्रोटॉनसह, म्हणजे भाररहित असतात आणि शांतपणे एकमेकांशेजारी राहतात. पीएच वाढवला की ते एकामागून एक ऋणभारित होतात, परस्परांना ढकलू लागतात, आणि सातच्या आसपास घडी उसवते. आधी पुढचा, म्हणजे एन-टोकाकडचा खंड मोडतो, मागचा त्यामानाने तग धरतो. इतर प्रथिनांना आम्ल जे करते ते पेप्सिनला उदासीन पाणी करते.

एकदा मोडलेले पेप्सिन पुन्हा आम्लात नेले तरी परत नीट घडत नाही, आणि हे आपल्या फार उपयोगाचे आहे. पेप्सिन जन्मतः पेप्सिन नसते. जठराच्या चीफ पेशी पेप्सिनोजेन तयार करतात, त्यात पुढे ४४ अमिनो आम्लांचा एक जादा तुकडा असतो. हा तुकडा धनभारित लायसिन-आर्जिनीनने भरलेला आहे. तो क्रियाशील खाचेवर पडून राहतो आणि त्याचे एक लायसिन थेट त्या दोन ॲस्पार्टेटांना भिडते. पीएच पाचच्या खाली गेला की कार्बॉक्सिल गट प्रोटॉन घेतात, ही विद्युत पकड सुटते, तुकडा बाजूला होतो आणि कापला जातो. एन्झाइम स्वतःच स्वतःला सोडवते. पण साखळीला मुळात योग्य घडी घालायला मदत करणाराही हाच तुकडा होता. तो गेल्यावर पेप्सिनची घडी ही केवळ अडकून राहिलेली अवस्था उरते. एकदा उसवली की परतीची वाट नाही. पेप्सिनोजेन मात्र उदासीन पाण्यात सुखाने राहते. जठराच्या पेशींना आतून धोका नसतो तो याच कारणाने. बाहेरून श्लेष्मा आणि बायकार्बोनेटचा थर पेशीलगतचा पीएच सातच्या जवळ राखतो. तिथवर पोचलेल्या पेप्सिनला कापण्याजोगे वातावरणच मिळत नाही.

आता तुमचा दुसरा अपघात. पीएच ६ ला पेप्सिन जवळजवळ काहीच कापत नाही, हे खरे. पण त्याची घडी तिथे बरीचशी शाबूत असते. ते झोपलेले असते. मास स्पेक्ट्रोमीटरच्या आधीच्या स्तंभात नमुना ०.१ टक्के फॉर्मिक आम्लात जातो, म्हणजे पीएच तीनच्याही खाली. तिथे ते जागे झाले, आणि स्वयंचलित ट्रेमध्ये वाट पाहत असलेल्या तुमच्या नळ्यांत तासन् तास कापत बसले. जेलच्या नमुन्यांत हे दिसले नाही, कारण ते लगेच एसडीएस या घडी मोडणाऱ्या डिटर्जंटमध्ये उकळले गेले. प्रयोगाची एक बाजू स्वच्छ आणि दुसरी बिघडलेली, यामागे गूढ काही नाही.

पीएच ८ चे बफर घालूनही पीएच ६ च का झाला, तेही हिशेबाने सांगतो, कारण इथे बहुतेक जण चुकतात. एक मिलिलिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात १०० मायक्रोमोल आम्ल असते. १ मोलर ट्रिस बेसचे १०० मायक्रोलिटर घातले तर १०० मायक्रोमोल बेस झाला. बरोबरी झाली, पण सगळे ट्रिस प्रोटॉन घेऊन बसले. बफर म्हणून काम करायला मोकळे ट्रिस उरलेच नाही, आणि पीएच आम्लीच राहिला. २०० मायक्रोलिटर घातले तर निम्मे मोकळे राहते आणि पीएच आठच्या जवळ स्थिरावतो. तुम्ही ट्रिस बेस नव्हे, आधीच पीएच ८ ला आणलेले ट्रिस घातले होते. त्यात निम्म्याहून थोडेसे जास्त ट्रिस आधीच प्रोटॉन घेऊन आलेले असते, म्हणून तेवढ्याच आम्लाला त्याचे दुप्पट-तिप्पट प्रमाण लागले असते, आणि त्यानंतरही पीएच आठला पोचवायला वेगळा बेस लागतो. म्हणून मी मोकळा ट्रिस बेस वापरतो, हिशेब करून घालतो, आणि दर वेळी एक थेंब पीएच कागदावर टाकून पाहतो. पीएच ८ च्या वर गेल्याची खात्री झाली की नमुना १५ ते ३० मिनिटे ३७ अंशांवर ठेवतो. एवढ्या वेळात घडी उसवते. मग एक नळी पुन्हा आम्लात नेऊन हिमोग्लोबिनवर तपासतो. काही कापले गेले नाही तर पेप्सिन मेले.

ही तपासणी जुनी आणि चांगली आहे: पीएच २ ला २ टक्के हिमोग्लोबिन, ३७ अंशांवर दहा मिनिटे, मग ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाने न कापलेले प्रथिन खाली बसवायचे आणि वरच्या द्रावणाचे २८० नॅनोमीटरला शोषण मोजायचे. दर मिनिटाला ०.००१ ने शोषण वाढवणारे एन्झाइम म्हणजे एक युनिट. डब्यावर छापलेली युनिटे बहुधा याच पद्धतीची असतात. तरी प्रत्येक नव्या डब्याची मी स्वतः मोजणी करतो, कारण पेप्सिन साठवणीत स्वतःलाच खात जाते.

पण पीएच वाढवणे नेहमी चालत नाही. तुमचे प्रथिन आठला खाली बसत असेल, किंवा उदासीन पाण्यात त्याचे डायसल्फाइड बंध आपसात अदलाबदल करत असतील, तर पेप्सिनला आम्लातच थांबवावे लागते. इथे पेप्स्टॅटिन कामाला येते, आणि ते माझ्या मते निसर्गाने बनवलेल्या सर्वांत देखण्या निरोधकांपैकी एक आहे.

१९७० मध्ये हामाओ उमेझावा यांच्या टोक्यो येथील गटाने ते स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंपासून मिळवले. छोटे पेप्टाइड, रेणुभार सुमारे ६८६. आयसोव्हॅलेरिल गट, दोन व्हॅलिन, मग स्टॅटिन, ॲलानिन आणि पुन्हा स्टॅटिन. सगळी करामत मधल्या स्टॅटिनमध्ये आहे. ते नेहमीचे अमिनो आम्ल नव्हे. जिथे कापण्याजोगा पेप्टाइड बंध असायला हवा, तिथे त्याच्याकडे हायड्रॉक्सिल धारण केलेला चौफलकी कार्बन आहे आणि त्याला लागून साधा मिथिलीन गट. हे हायड्रॉक्सिल खाचेत नेमके त्या जागी बसते, जिथे एरवी पाण्याचा रेणू असतो, म्हणजे दोन ॲस्पार्टेटांच्या मध्ये. वर मी सांगितलेली चौफलकी अवस्था आठवा. पेप्सिन ज्या क्षणिक अवस्थेला सर्वांत घट्ट धरते, तिचेच हे प्रतिरूप आहे. फरक इतकाच की तुटण्यासारखा बंध इथे नाही. एन्झाइम आपली सगळी पकड त्यावर खर्च करते आणि तिथेच अडकते. ही कल्पना १९७६ मध्ये मांडली गेली आणि पुढे स्फटिकरचनांनी तिला आधार दिला. हायड्रॉक्सिल काढून टाकलेले किंवा उलट बाजूला वळवलेले स्टॅटिन घेतले तर निरोधकाची ताकद प्रचंड घटते. उरलेली साखळी तीच असूनही.

पेप्सिनसाठी पेप्स्टॅटिनचा निरोध-स्थिरांक (जितका लहान, तितकी पकड घट्ट) ०.१ नॅनोमोलरच्याही खाली आहे. आणि नेमका हाच आकडा माणसांना फसवतो. ‘इतके घट्ट बसते, मग चिमूटभर पुरे’ असे वाटते. प्रत्यक्षात पकड इतकी घट्ट असली की हिशेब एकास एक होतो: जितके पेप्सिनचे रेणू, तितके पेप्स्टॅटिनचे रेणू हवेत. पेशींच्या अर्कासाठीच्या कृतींत मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे साधारण १.५ मायक्रोमोलर, असे प्रमाण दिलेले असते. ते तिथल्या किंचितशा कॅथेप्सिन डीसाठी, म्हणजे पेप्सिनच्याच जातीच्या पेशीतल्या एन्झाइमसाठी, आहे. तुमच्या नळीत मिलिलिटरला १ मिलिग्रॅम पेप्सिन असेल, तर ते २९ मायक्रोमोलर झाले. कृतीतले प्रमाण त्यातला विसावा भाग अडवील आणि बाकीचे पेप्सिन कापत राहील. वजनाने हिशेब असा: शुद्ध क्रियाशील पेप्सिनच्या १ मिलिग्रॅमला साधारण २० मायक्रोग्रॅम पेप्स्टॅटिन लागते. मी दुप्पट घालतो. याच एकास एक हिशेबाचा उलटा उपयोगही होतो. पेप्स्टॅटिन थोडेथोडे वाढवत गेले आणि क्रिया कुठे शून्याला टेकते ते पाहिले, तर डब्यातल्या पावडरीत खरोखर क्रियाशील पेप्सिन किती, हे कळते.

पाण्यात ते फारसे विरघळत नाही, म्हणून साठा डीएमएसओमध्ये किंवा मिथेनॉलमध्ये करावा. घालताना द्रावण हलते ठेवा, नाहीतर पांढरे कण तरंगत राहतात आणि आपण निरोधक घातला असे नुसते समजून बसतो. आणि ते आम्लातच घाला, पेप्सिन चांगले घडलेल्या अवस्थेत असताना. नंतर हवे तर पीएच वाढवा. पेप्स्टॅटिनने अडकलेले पेप्सिन मेलेले नसते, हे ध्यानात असू द्या. पकड उलटण्यासारखी आहे, फक्त सुटण्याचा वेग फार मंद. बाजारातल्या तयार मिश्रण-गोळ्यांवर विसंबू नका. त्यांतल्या अनेकांत पेप्स्टॅटिन नसते, कारण त्या उदासीन पीएचवरच्या अर्कांसाठी बनवलेल्या असतात. घटकांची यादी वाचल्याशिवाय नळीत टाकू नका.

कायमचे, सहसंयुजी कुलूप लावायचे असेल तर ते कार्बॉक्सिलवरच लावावे लागते, आणि त्याला वेगळे रसायन लागते. डायझोॲसेटिल-नॉरल्युसिन मिथिल एस्टर तांब्याच्या आयनांसोबत दिले की ते २१५ वरच्या ॲस्पार्टेटचे एस्टर बनवते. एक रेणू लागला की एन्झाइम बंद. १,२-इपॉक्सी-३-(पॅरा-नायट्रोफिनॉक्सी)प्रोपेन हा इपॉक्साइड ३२ वरच्या ॲस्पार्टेटला पकडतो, पण फार सावकाश. दोन वेगळी रसायने दोन वेगळ्या कार्बॉक्सिलांना लागतात आणि एकेकटीही क्रिया थांबवतात, यावरूनच क्रियाशील जागेत दोन ॲस्पार्टेट आहेत हे स्फटिकरचनेची स्पष्ट चित्रे येण्याआधी पक्के होत गेले. पेप्सिनोजेनला डायझो-अभिकर्मक लागत नाही, कारण खाच झाकलेली असते. इतिहास म्हणून हे मला फार मोलाचे वाटते. रोजच्या प्रयोगासाठी मात्र मी ही रसायने सुचवणार नाही. डायझो संयुगे विषारी आणि अस्थिर असतात, तांबे तुमच्या प्रथिनालाही बाधते, आणि तुमचे काम पीएच ८ आणि पेप्स्टॅटिन यांनी पूर्ण होते.

एक सावधगिरी. ‘आम्ल-प्रोटीएज’ आणि ‘ॲस्पार्टिक प्रोटीएज’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले जातात, ते चूक आहे. जठरातली पेप्सिन, गॅस्ट्रिक्सिन आणि नवजात वासरातली कायमोसिन ही सगळी ॲस्पार्टिक आहेत. कीटकभक्षी घटपर्णीच्या द्रवातले नेपेंथेसिनही. या सगळ्यांना पेप्स्टॅटिन अडवते. पण काही बुरशींची आम्ल-प्रोटीएज ग्लुटामिक आम्लावर चालतात, तर सेडोलिसिन कुळातली सेरीनवर चालतात आणि तरी आम्लातच काम करतात. त्यांच्यावर पेप्स्टॅटिनचा परिणाम होत नाही. तुमचे एन्झाइम डब्यातले डुकराचे पेप्सिन असेल तर ही चिंता नको. बुरशीजन्य ‘ॲसिड प्रोटीएज’ पावडर वापरत असाल, तर कोणत्या कुळाचे आहे ते आधी शोधा.

वैद्यकीय बाजूबद्दल प्रश्नात ओझरता उल्लेख होता, म्हणून तेवढेच. ओमेप्रॅझोलसारखी औषधे पेप्सिनला हातही लावत नाहीत. ती आम्ल सोडणाऱ्या पंपाच्या सिस्टीनला चिकटतात. जठराचा पीएच चढतो, आणि पेप्सिन झोपते. घशापर्यंत येणाऱ्या आम्लपित्ताच्या अभ्यासात पेप्सिनला महत्त्व मिळाले ते यामुळेच: उदासीनाच्या जवळच्या घशात ते निष्क्रिय पण शाबूत राहू शकते आणि पुढच्या आम्लाच्या लाटेत पुन्हा कापू लागते. तुमच्या नळीतला दुसरा अपघात म्हणजे याचीच छोटी आवृत्ती. सुक्राल्फेट वेगळ्या वाटेने जाते: जखमेवर थर बनवते आणि पेप्सिनलाही शोषून धरते. आतड्यातला मोठा गोल जंत ॲस्कॅरिस तर पेप्सिनसाठी स्वतंत्र निरोधक प्रथिनच बनवतो. ते प्रथिन आपले टोक खाचेवरच्या झडपेच्या कडेला जोडून बसते.

आणि पेप्स्टॅटिनची कल्पना पोटापुरती राहिली नाही. एचआयव्हीचे प्रोटीएज पेप्सिनचेच नातलग आहे, पण दोन सारख्या अर्ध्यांचे. प्रत्येकी ९९ अमिनो आम्ले आणि प्रत्येकाकडून एक ॲस्पार्टेट. पेप्सिनचे दोन खंडही एकाच मूळ जनुकाच्या दुप्पट होण्याने आले असावेत, असा तर्क त्याआधीच मांडला गेला होता. १९९५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सॅक्विनाव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधामध्ये न तुटणारा बंध आणि त्याशेजारी तेच हायड्रॉक्सिल आहे. रक्तदाब वाढवण्यात भाग घेणारे रेनिन हे प्रोटीएज अडवणारे औषध ॲलिस्किरेन २००७ मध्ये आले, तेही याच विचारातून.

तुमच्या प्रयोगासाठी मी असे करीन. तीस मिनिटे संपताच आम्लातच हिशेबाने पेप्स्टॅटिन घालीन, दोन मिनिटे थांबेन, मग प्रथिनाला चालत असेल तर ट्रिस बेसने पीएच ८ च्या वर नेऊन तो कागदावर तपासीन. मास स्पेक्ट्रोमेट्रीचे नमुने पुन्हा आम्लात नेण्याआधी ३७ अंशांवर अर्धा तास ठेवीन. आणि प्रत्येक मालिकेत एक शून्य मिनिटांची नळी ठेवीन, जिच्यात पेप्स्टॅटिन आधी आणि पेप्सिन नंतर घातले आहे. ही नळी बाकीच्यांसोबत शेवटपर्यंत, ट्रेमधल्या प्रतीक्षेसकट, सगळ्या पायऱ्यांतून न्या. तिच्यात मूळ प्रथिन जसेच्या तसे दिसले, तरच बाकीच्या नळ्यांतले तुकडे त्या तीस मिनिटांचे आहेत असे म्हणता येईल.